शुक्रवारचं वाचन

तिने वायर लॅपटॉपला जोडली, समोरच्या भिंतीवर तिचा कोड उमटला आणि टेबलाभोवतीच्या चौघांनी खुर्च्या तिकडे वळवल्या. पाचव्या खुर्चीत मास्तर होते. त्यांनी खुर्ची वळवली नाही. टेबलाच्या टोकाला, दारापाशी, हाताची घडी घालून आणि डोळे मिटून ते बसले होते.

“उभ्या राहा,” मास्तर म्हणाले. “आणि वाचा. एक चिन्ह गाळायचं नाही.”

ती घसा साफ करत उभी राहिली. टेबलाच्या पलीकडून दाढीवाल्याने शेजारच्या लांबूला कोपराने ढोसलं. आज पाळी आपली नाही याचा आनंद दोघांच्याही चेहऱ्यावर मावत नव्हता.

दर शुक्रवारी सकाळी अकराला हा कार्यक्रम असे. ज्याने आठवडाभरात नवा कोड लिहिला असेल त्याने उभं राहायचं आणि तो मोठ्याने वाचून दाखवायचा, अक्षर न् अक्षर, कंस न् कंस, स्वल्पविरामासकट. बाकीच्या जगात लोक एकमेकांचा कोड आपापल्या पडद्यावर मुकाट्याने तपासतात आणि चुका लिहून कळवतात. इथे तसं नव्हतं. कागदोपत्री याला ‘वाचन’ म्हणत. जिन्यात आणि चहाच्या यंत्रापाशी याचं नाव ‘हजामत’ होतं, तीही बिनपाण्याची. गेल्या पावसाळ्यात एक चांगला शिकलेला, बायकोमुलं असलेला माणूस वाचता वाचता मध्येच थांबला, लॅपटॉप तसाच उघडा टाकून घरी गेला आणि परत आला नाही. त्याची खुर्ची आता तिच्याकडे होती.

मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. पण ऑफिसात त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली कुणाला आठवत नव्हती. तोंडावर ‘सर’, पाठीमागे ‘मास्तर’. लायब्ररी त्यांनी लिहिलेली. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. इतरांच्या प्रोग्रॅमांनी उसना घेऊन वापरावा असा तयार कोड. या लायब्ररीचं काम एकच होतं. मजकूर वाचायचा आणि त्यातला अवतरणात ठेवलेला भाग नेमका कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ते ठरवायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण मजकुराच्या आतच कुणाला अवतरणचिन्ह हवं असतं, कुणाला नवी ओळ हवी असते. त्यासाठी आधी एक तिरपी रेघ टाकतात, बॅकस्लॅश. पुढचं अक्षर जसं दिसतं तसं घ्यायचं नाही, एवढाच तिचा इशारा. बॅकस्लॅश आणि एन, म्हणजे नवी ओळ. आणि खुद्द बॅकस्लॅशच हवा असेल तर तो दोनदा लिहायचा. या भानगडीत भले भले घसरतात. मास्तर घसरत नाहीत, अशी ख्याती होती.

तिने वाचायला सुरुवात केली.

ती छत्तीस वर्षांची होती. मध्ये आठ वर्षं घरी होती. वडील अंथरुणाला खिळले होते, भाऊ दूर, आईने आधीच डोळे मिटलेले. वडील गेल्यावर तिने अकरा ठिकाणी अर्ज केले. नऊ ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. दोन ठिकाणी तिची आठ वर्षं पाहून मुलाखत घेणाऱ्याने घड्याळ पाहिलं. इथे तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. ते तीन महिने आज संपत होते. कायम करायचं की नाही ते मास्तर वाचनानंतर सांगणार होते. घरी नणंद म्हणत होती, “आता या वयात कुठे जमायचं तिला,” आणि नवरा म्हणत होता, “झेपत नसेल तर सोडून दे, कोणी काही म्हणणार नाही.” यातलं दुसरं वाक्य तिला जास्त लागलं होतं. ही नोकरी गेली तर बारावं दार ठोठावायची हिंमत आपल्यात उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“थांबा,” मास्तर म्हणाले. “हे तुम्ही कशासाठी केलंत ते सांगा. लोकांना कळू दे.”

“सर, संग्रहालयाची तक्रार होती. त्यांच्या यादीत एका भांड्याच्या वर्णनाला शेवटचं अवतरणचिन्ह लावायचं राहिलं. आपली लायब्ररी पुढचं चिन्ह सापडेपर्यंत वाचत गेली. पुढच्या चाळीस वस्तू त्या एका भांड्याच्या वर्णनात गेल्या.”

“मोठं भांडं असेल,” मास्तर म्हणाले.

सगळे हसले. हसणं वेळेवर आलं पाहिजे, हे तिथे सगळ्यांना सवयीने कळत असे. फक्त ताई हसली नाही. ताई म्हणजे मास्तरांच्या शेजारी बसणारी, केस पिकलेली बाई. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली. तिने वहीवर रेघ ओढली.

“म्हणून मी असं केलं,” ती पुढे म्हणाली, “की अवतरणाच्या आत खरीखुरी ओळ तुटली, तर तिथेच थांबायचं आणि चूक झाली असं सांगायचं. नवी ओळ हवी असेल त्याने बॅकस्लॅश आणि एन लिहावं. खरी ओळ तुटली म्हणजे कुणीतरी चिन्ह लावायला विसरलंय.”

“वा. म्हणजे जग विसराळू आहे आणि तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवणार. वाचा पुढे.”

ती वाचत गेली. मास्तर मध्ये मध्ये थांबवत होते. या नावात काय अर्थ आहे. हा कंस तुमच्या माहेरचा का. एवढ्यासाठी चार ओळी, लिहिताना झोप लागली होती का. ते डोळे मिटूनच बोलत. ऐकताना माणूस असा तल्लीन होतो, अशी त्यांच्याबद्दल सगळ्यांची समजूत होती, तिचीही होती. तिच्या मानेवर घाम आला होता. तो पुसायला हात उचलला तेव्हा नजर एक क्षण भिंतीवरून ढळली आणि एका ओळीत ती अडखळली. वाचताना अवतरणचिन्हाला तिथे ‘कोट’ म्हणत.

“जर सी बरोबर,” ती म्हणाली, “सिंगल कोट, बॅकस्लॅश, सिंगल कोट...”

“काय?”

मास्तरांचे डोळे उघडले. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

“पुन्हा वाचा.”

“सिंगल कोट, बॅकस्लॅश, सिंगल कोट.”

“एक?” मास्तर टेबलावर पुढे वाकले. “एकच? बाई, एकट्या बॅकस्लॅशने पुढचा कोट खाल्ला. तुमचं वाक्य संपलंच नाही. हा कोड चालूच शकत नाही. चालवूनही न बघता तुम्ही तो माझ्यापुढे घेऊन आलात? आम्ही पाचजण इथे कशासाठी बसलोय?” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “बघा ना. डोळ्यांनी बघा. लहान पोराला दिसेल.”

तिने बघितलं. भिंतीवर दोन बॅकस्लॅश होते. वीतभर उंचीचे, काळेभोर, शेजारी शेजारी. वाचताना दोन्ही वेळा एक तिच्याच तोंडून गळला होता.

तिने इतरांकडे पाहिलं. दाढीवाला भिंतीकडे बघत होता. त्याने एकदा डोळे चोळले आणि मग वहीत खाली मान घातली. मास्तर एक म्हणतात त्या अर्थी आपल्याला दिसणाऱ्या दोनमध्येच काहीतरी खोट असणार, असा त्याचा चेहरा होता. लांबूने तर भिंतीकडे पाहण्याची तसदीच घेतली नाही. कोपऱ्यातला हिशेबनीस, जो वाचनाला फक्त हजेरी लावायला येत असे, मोबाइलमध्ये होता. आणि मास्तरांचं बोट कोडच्या त्या ओळीकडे नव्हतंच. ते खिडकीकडे, पडद्याच्या दोरीकडे रोखलेलं होतं.

“सर,” ताई पटकन म्हणाली, “चहा आलाय. दहा मिनिटं घेऊ या का?”

चहा आला नव्हता. चहा यंत्रातून आपापला घ्यावा लागे.

जिन्याच्या वळणावर ताईने तिचा दंड धरला. ताईचा हात थंड होता.

“कळलं ना तुला,” ताई म्हणाली.

“त्यांना दिसत नाही.”

“हळू बोल. मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. दार, माणूस, खुर्ची. अक्षर नाही दिसत. तीन वर्षं झाली.”

“मग काम कसं करतात?”

“अर्धं पाठ आहे. थोडं मी वाचून दाखवते. उरलेलं शुक्रवारी.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी कपाट ओढत होतं, त्याची घरघर जिन्यातून वर येत होती.

“म्हणजे हे वाचन यासाठी आहे,” ती म्हणाली. “आम्हाला उभं करायचं ते यासाठी.”

“हो.”

“आणि तो अपमान? तोही दिसत नाही म्हणूनच का?”

“तो आधीपासूनचा आहे,” ताई म्हणाली. “डोळे धडधाकट होते तेव्हाही असेच होते. मला सहा वेळा रडवलंय.”

“मग झाकता कशाला?”

ताईने दंड सोडला. “वर कळलं तर सोमवारी घरी बसवतील. घरी कोण आहे त्यांना? बायको गेली. मुलगा फोन उचलत नाही, आणि त्याचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. हे एवढंच आहे त्यांच्याकडे.”

“माझ्याकडेही एवढंच आहे, ताई.”

“माहितीये. म्हणून सांगते. आज फक्त ऐकून घे. त्या टेस्टचं नाव काढू नकोस. सोमवारी मी गुपचूप दुरुस्त करते, म्हणजे तुझा कोड पास होईल. तुझ्या कायम होण्याचं मी बघते.”

त्या टेस्टची गोष्ट अशी. लायब्ररीसोबत दोनशे चौदा टेस्ट होत्या. टेस्ट म्हणजे छोटासा प्रोग्रॅम. लायब्ररीला एक मजकूर द्यायचा आणि उत्तर बरोबर येतं का बघायचं. तिच्या बदलानंतर दोनशे तेरा पास होत होत्या आणि एक नापास. ती एक खुद्द मास्तरांची होती, बॅकस्लॅश आणि एनची. दोन दिवस ती स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसली. बुधवारी दुपारी तिला दिसलं की चूक टेस्टमध्ये आहे. टेस्टसुद्धा कोडच असते, म्हणून तिच्यातही बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो. तरच एक लायब्ररीपर्यंत पोचतो. मास्तरांनी एकच लिहिला होता. त्यामुळे बॅकस्लॅश आणि एन वाटेतच विरघळत आणि लायब्ररीच्या हातात आयती तुटलेली ओळ पडत असे. लायब्ररी ती जशीच्या तशी परत देई, उत्तर जुळे, टेस्ट पास. जे तपासायला ती लिहिली होती ते तिने एकदाही तपासलं नव्हतं. ओळीवरची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती.

बुधवारीच ती मास्तरांच्या टेबलापाशी गेली होती. “सर, एक मिनिट,” एवढंच म्हणाली होती. “शुक्रवारी,” ते म्हणाले होते, तिच्याकडे न बघता. मग तिने ताईला सांगितलं होतं.

“बघते म्हणजे काय करता?” तिने आता जिन्यात विचारलं.

“त्यांच्याशी बोलते. आजच. माझं ऐकतात ते.”

तिने होकारार्थी मान हलवली. खरंच हलवली, मनात दुसरं काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा आब राखून कसं वागावं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आठ वर्षं तेच तर केलं होतं. चूक झाली तरी पाहिलं नाही असं दाखवायचं, चादर बदलताना दुसरंच काहीतरी बोलत राहायचं. तिला त्या खुर्चीतल्या माणसाची कीवही आली. ती यंत्राचा चहा घेऊन आत गेली आणि कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला, कडेला, जिथे त्यांना दिसेल तिथे.

“चहा कुणी मागितला?” मास्तर म्हणाले. “लाच आहे का?”

पुन्हा सगळे हसले. ती आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

“वाचायची गरज नाही आता,” मास्तर म्हणाले. “टेस्टचं काय झालं ते सांगा. किती पास?”

“दोनशे तेरा.”

“किती पैकी?”

“दोनशे चौदा.”

“कुठली पडली?”

तिने ताईकडे पाहिलं. ताईने डोळ्यांनीच ‘नको’ म्हटलं.

“बॅकस्लॅश एन, सर.”

मास्तर खुर्चीत मागे रेलले. आता ते रंगात आले. “ऐकलंत का सगळ्यांनी? बॅकस्लॅश एन. दुनियेतली सगळ्यात सोपी गोष्ट. पहिल्या दिवशी शिकवतात. बाईंनी चाळीस भांडी वाचवायला घर पाडलं.” ते थांबले. हसणं संपू दिलं. “तुम्ही मुलाखतीत काय सांगितलं होतंत? आठ वर्षं वडिलांची सेवा केली. बरोबर? भरवत होतात त्यांना.”

“हो.”

“तेच दिसतंय. एका म्हाताऱ्याला घास घास करून भरवायची सवय लागली तुम्हाला. समोरच्याला स्वतःहून गिळता येतं हे विसरलात. आमची लायब्ररी अंथरुणावर पडलेली नाही, बाई. तिच्या तोंडाला रुमाल लावायची गरज नाही. तुमचे वडील गेले, वाईट झालं. पण म्हणून आता आमच्या मागे लागू नका.”

या वेळी हसणं जरा उशिरा आलं. पण आलं. लांबूने सुरुवात केली, मग दाढीवाला, मग हिशेबनीसानेही मोबाइलवरून मान वर करून काय चाललंय न कळता तोंड पसरलं.

तिच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. वडिलांचा तो रुमाल तिला आठवला नाही, चेहराही आठवला नाही. फक्त राग आला, आणि तो इतका स्वच्छ होता की तिला बरं वाटलं.

“सर,” ताई म्हणाली, “तिचं काम तसं...”

“काम मी ऐकलं,” मास्तर म्हणाले. “निर्णय सोपा आहे. आजचा दिवस भरा. सोमवारपासून यायची गरज नाही. तुम्हाला घरी बसायची सवय आहे, जड जाणार नाही. ताई, कागद तयार करा, मी सही करतो.”

ताईने पेन उचललं. काही बोलेल म्हणून तिने वाट पाहिली. ताईने पेनाचं टोपण काढलं, वहीचं पान उलटलं आणि तारीख घातली.

मग तिने ताईवरची नजर काढली आणि लॅपटॉपवर दोन कळा दाबल्या. भिंतीवरचा तिचा कोड गेला आणि टेस्टची फाइल आली. ती सरकवत सरकवत तिने ती टेस्ट भिंतीच्या मधोमध आणली, अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली. वर एक टेस्ट, खाली एक टेस्ट, मध्ये मास्तरांची. आणि प्रत्येक दोघींच्या मध्ये हातभर कोरी जागा.

“सर, पडलेली टेस्ट लावलीय,” ती म्हणाली. “माझा कोड बरोबर आहे. टेस्ट चुकलीय.”

दाढीवाल्याने भिंतीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. तो मोजत होता. एकपर्यंत मोजायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने लांबूला ढोसलं आणि लांबूनेही पाहिलं.

“माझी टेस्ट,” मास्तर म्हणाले.

“हो, सर.”

“बाई, ती टेस्ट तुम्ही इथे यायच्या आधीपासून रोज पास होतेय.”

“म्हणूनच म्हणतेय, सर.”

बस, आता एक वाक्य पुरे होतं. इथे दोन हवे होते, एक आहे. दाढीवाल्याला ते दिसलं होतं, लांबूला दिसलं होतं, नाकारायला कुणाला जागा नव्हती. मास्तर चिडले असते, टोमणा मारला असता आणि मान्य केलं असतं. कोडच्या बाबतीत ते खोटं बोलत नसत, एवढा त्यांचा लौकिक होता. नोकरी राहिली असती. ताईची मान खाली होती, पण तिनेही डोळे वर केले ते याच आशेने. ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं.

“तुम्हीच वाचा ना, सर,” ती म्हणाली.

“मला वाचायची गरज नाही. मी लिहिलीय ती.”

“तरी पण. शुक्रवार आहे. ज्याने लिहिलं त्याने वाचायचं.”

हिशेबनीस खुदकन हसला. त्याला खरोखरच गंमत वाटली होती. ते हसणं मास्तरांच्या चेहऱ्यावर आदळलेलं तिने पाहिलं. त्यांनी मान त्या दिशेला वळवली आणि मग तिच्या दिशेला. पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की ते तिच्याकडे बघतात तेव्हा तिच्या कानाशेजारी कुठेतरी बघतात.

“पुरे झालं,” ताई म्हणाली. आवाज घोगरा होता. “मी वाचते.”

“नको, ताई,” ती म्हणाली. “सर वाचतील.”

मास्तर उठले. न उठून भागणार नव्हतं. तीन वर्षांत या खोलीत कुणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं, ते त्यांनीच म्हणू दिलं नव्हतं. आणि आता स्वतः ‘नाही’ म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. त्यांनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला आणि त्या कडेनेच, एकेक खुर्चीची पाठ चाचपत, भिंतीपर्यंत आले. दाढीवाल्याने आपली खुर्ची पुढे ओढून वाट दिली. आता त्याला कळलं होतं. लांबूलाही कळलं होतं; तो दाराकडे बघत होता, जसं काही दाराबाहेर त्याचं महत्त्वाचं काम अडलंय. इतकी वर्षं त्या खोलीत भीतीने गप्प बसलेले लोक आता कशाने गप्प होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

भिंतीशी आल्यावर प्रोजेक्टरचा प्रकाश मास्तरांच्या अंगावर पडला. कोडच्या ओळी त्यांच्या पांढऱ्या शर्टावरून, गालावरून गेल्या. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. हात वर उचलला. बोट भिंतीला टेकलं आणि थोडं वर, थोडं खाली सरकलं. शेवटी ते थांबलं ते दोन टेस्टच्या मधल्या कोऱ्या जागेत. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांची टेस्ट तिथून वीतभर वर होती.

“ही ना?” मास्तरांनी विचारलं.

तीन महिन्यांत त्यांनी तिला शेकडो प्रश्न विचारले होते. उत्तर स्वतःला माहीत नसताना विचारलेला हा पहिला होता. आवाज खाली आला होता. फक्त तिला ऐकू यावा असा. त्यात विनंती होती, तिने ती ऐकली. बाजूला ताई रडायला लागली होती, तेही तिने ऐकलं.

“हो, सर,” ती म्हणाली. “हीच.”

मास्तरांनी सुस्कारा सोडला. खांदे सैल झाले. मान ताठ करून ते खोलीकडे वळले, बोट भिंतीवरच ठेवलं, आणि खणखणीत आवाजात, एक चिन्ह न गाळता, त्या कोऱ्या जागेवरून वाचू लागले.

“कोट उघडा. ए. बॅकस्लॅश. बॅकस्लॅश. एन...”